सासूबाईंचे डोळे आणि रंगाऱ्याचे गाल

रंगारी भिंती रंगवायला म्हणून सासूबाईंच्या घरात शिरला आणि जाताना त्यांची धाकटी मुलगी घेऊन गेला, या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. पण सासूबाईंच्या तोंडी ती रोज ताजी. "मी त्याला दोन खोल्या रंगवायला सांगितल्या होत्या. पोरगी न्यायला सांगितली नव्हती," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत. थोरल्या जावयाला त्या 'जावईबापू' म्हणत. याला रंगारी. रंगारी आला का, रंगाऱ्याला चहा द्या, रंगाऱ्याला म्हणावं चपला बाहेर काढ. इतक्या वर्षांत बाईंची जीभ एकदाही चुकून घसरली नाही. आपणही त्याला रंगारीच म्हणू, त्याची त्याला सवय आहे.

खरी गंमत पुढेच आहे. लग्नानंतर सासूबाईंचा राग असा होता की हा समोर आला की त्या मान वळवून खिडकीबाहेर बघायच्या. खिडकीबाहेर काय, तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. टाकी बघत त्या बोलायच्या आणि हा त्यांच्या कानाशी बोलायचा. मग नात झाली, राग हळूहळू निवला. आणि तो निवतो न निवतो तोच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. म्हणजे बघा, डोळे होते तेव्हा रागापायी बघितलं नाही, आणि राग गेला तेव्हा बघायला डोळे राहिले नाहीत. घर रंगवायला आला होता तेव्हा तोंडावर धुळीसाठी फडकं बांधलेलं. सख्ख्या सासूने जावयाचं तोंड धड पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो म्हणजे टर्पेंटाइनचा वास आणि त्या वासाच्या मागे हलणारं काहीतरी भुरकट.

याच भुरकट काळात तीन वर्षांमागे सासूबाईंनी त्याला एक काम सांगितलं होतं. सासरे गेले होते. सासूबाई म्हणाल्या, जन्मभर त्यांच्या आवडीचा बदामी रंग बघितला, आता माझी मधली खोली निळी कर. याने मान डोलावली. पण ते दिवस सणाच्या आधीचे. सणाच्या आधी ज्याला त्याला घर रंगवून हवं असतं आणि सगळ्यांना ते कालच हवं असतं. दुकानात निळा संपलेला. याच्याकडे एका दवाखान्यातला हिरवा उरला होता आणि एका बेकरीतला गुलाबी. दिसतंय कोणाला, असं म्हणून गड्याने मोठ्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत हिरवा नेला, तिथे डबा संपला, आणि पुढे गुलाबी लावला. सासूबाईंनी तळवा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, गुळगुळीत झालंय हो, निळा कसा दिसतोय? साडूला खोकला आला. थोरली मेव्हणी छताकडे बघू लागली. बायकोने याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर जागच्या जागी विरघळला असता. हा म्हणाला, "आभाळासारखा."

सण झाला की नीट करतो, असं त्याने बायकोला वचन दिलं होतं. सण झाला. मग पुढचा सण आला. शेजारणी यायच्या, त्यांना दारातच डोळ्यांनी दटावलं जायचं. एक शेजारीण 'अगदी वेगळाच रंग' एवढंच म्हणाली, खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. आणि सासूबाई मधल्या खोलीत खुर्ची टाकून ऐटीत बसायच्या, फोनवर मैत्रिणींना सांगायच्या की माझी खोली आता निळी आहे. पुढे पुढे सगळ्यांना त्या भिंतीची इतकी सवय झाली की ती दिसेनाशीच झाली. तर ते असो. भिंतीचं राहू द्या, आपल्याला तोंडाकडे वळायचंय. रंगाऱ्यानेही नेमकं हेच केलं.

यंदा सण तोंडावर आला आणि सासूबाईंनी मोतीबिंदू काढून घेतला. आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा. डॉक्टरांनी नुसत्या सावल्या दिसतील असा काळा मिट्ट चष्मा दिला आणि सांगितलं, सणापर्यंत जरा जपा. जपा म्हटल्यावर बाईंनी असं जपलं की रात्री झोपतानाही चष्मा नाकावर. आणि वर फर्मान काढलं की सणाच्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, तेव्हाच चष्मा उतरवणार, सगळ्यांना एकदम बघणार.

दवाखान्यातून घरी येऊन बायकोने हे सगळं रंगाऱ्याला सांगितलं. तो पायरीवर बसून ब्रश धूत होता.

"तुमच्याबद्दलही बोलली," बायको म्हणाली. "म्हणाली, रंगाऱ्यालाही आण. बघू तरी, पोरीने त्याच्यात काय पाहिलं ते."

ब्रश धुता धुता रंगाऱ्याचा हात थांबला. काय पाहिलं ते. वीस वर्षं ज्या परीक्षेची तारीख लागत नव्हती ती लागली होती, आणि अभ्यास म्हणाल तर शून्य. तो उठला आणि मोरीतल्या आरशासमोर जाऊन उभा राहिला.

खोटं कशाला बोला, दृश्य काही खास नव्हतं. कानाच्या पाळीला दवाखान्याचा रंग, भुवईत कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा पांढरा, मानेवर दाराखिडक्यांचा ऑइलपेंट. मधली कातडी चुन्याने आणि उन्हाने कोरडी ठाक, नाकाच्या बाजूला पोपडे. धंद्याच्या नजरेने त्याने स्वतःकडे बघितलं आणि मनात म्हणाला, ही भिंत मी रंगवायला घेतली नसती. मग त्याला साडू आठवला. साडू विमा कंपनीत, दिवसभर पंख्याखाली. गाल असे की माशी बसली तर घसरावी. सणाच्या दिवशी तो साडू शेजारी बसणार आणि सासूबाई आळीपाळीने दोघांकडे बघणार, या विचाराने रंगाऱ्याला घाम फुटला.

आता योगायोग असा, की त्या आठवड्यात त्याचं काम एका ब्युटी पार्लरमध्ये चाललं होतं. पार्लरवाल्या बाईंना सणाच्या गर्दीआधी भिंती नव्या हव्या होत्या आणि दुकान बंदही ठेवायचं नव्हतं. त्यामुळे मधे चादर टांगलेली, चादरीच्या अलीकडे हा भिंत घासतोय, पलीकडे बाई गिऱ्हाइकांचे चेहरे घासताहेत. पार्लरवाल्या बाई याच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान असतील, पण याला 'काका' म्हणत. हे त्याला टोचायचं.

चादरीपलीकडून बाईंचं बोलणं कानावर यायचं. एकीला त्या सांगत होत्या की आधी मेलेली कातडी घासून काढायची, मग लेप, मग लेप वाळू द्यायचा, मग बारीक छिद्रं बंद करायचं पाणी, मग क्रीम, आणि मग वरून रंग. ऐनवेळी काही करायला जाऊ नका, सणाच्या आधीपासून हळूहळू करा.

रंगाऱ्याचा हात भिंतीवरच थांबला. पोपडे काढा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, प्रायमर द्या, मग रंगाचे दोन हात. अरे, हे तर आपलंच काम! जन्म गेला यात. लोक एवढ्या थाटात खुर्चीत आडवे होऊन जे करून घेतात ते आपल्या हातचा मळ आहे, हे कळल्यावर त्याची छाती फुगली. त्याने बाईंना विचारून घेतलं असतं तर हा सगळा मजकूर लिहायची वेळच आली नसती. पण ज्याला 'काका' म्हणतात त्याने चेहऱ्याबद्दल कसं विचारायचं? त्याने 'घरी मंडळींना पाहिजे' असं सांगून बाईंकडून लेपाच्या पावडरीची काही पाकिटं मागून घेतली.

प्रत्येक चांगल्या रंगाऱ्याचा एक नियम असतो. आख्ख्या भिंतीला एकदम हात घालायचा नाही. आधी एका भागावर काम करून बघायचं, मालकाला दाखवायचं, मग पुढे जायचं. त्या नियमाने त्याने फक्त डावा गाल घेतला. बायको बाजारात आणि लेक कॉलेजात गेलेली बघून तो मोरीत शिरला आणि तिथे बायकोची टाच घासायची वज्री होती, त्या वज्रीने गालाचे पोपडे काढले. आग आग झाली. भिंत कधी ओरडत नाही, हा फरक त्याच्या लक्षात आला, पण त्याने दात-ओठ खाऊन काम पुरं केलं. मग डब्याच्या झाकणात लेप कालवला. काडीने ढवळून, काडी वर उचलून, धार कशी पडते ते बघितलं. जरा पातळ वाटला म्हणून आणखी पावडर घातली. कोरा दोन इंची ब्रश घेतला आणि वरून खाली, एका दिशेने, डाव्या गालावर लेप दिला. उजवीकडे एक थेंब जाऊ दिला नाही. नाकाच्या मधोमध तर अशी सरळ रेघ आली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पाकिटावर लिहिलं होतं, थोड्या वेळाने धुऊन टाका. हे वाचून तो हसला. लांबी भरून लगेच धुऊन टाकणारा रंगारी त्याने जन्मात बघितला नव्हता. लांबी हाडासारखी वाळली पाहिजे. तो पंख्याखाली खुर्ची टाकून बसला आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा अर्धं तोंड हलत नव्हतं. हात लावून पाहिलं तर टणक, आणि जागोजागी तडे. जाड झाली लांबी, असं तो स्वतःशी म्हणाला, निदान अर्ध्या तोंडाने म्हणाला. आणि आता जे कुठल्याही माणसाच्या डोक्यात आलं नसतं ते त्याच्या डोक्यात आलं. लांबीला तडे गेले की काय करतात? त्याने पिशवीतून पॉलिश पेपर काढला. अगदी बारीक, वापरून वापरून मऊ झालेला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आणि तो आरशासमोर उभा राहून गोल गोल हात फिरवत स्वतःचा गाल सपाट करू लागला.

नेमकी तेव्हाच बायको आली. हातात भाजीची पिशवी, समोर नवरा गालाला पॉलिश पेपर मारतोय. तिने आधी पिशवी खाली ठेवली, मग कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्ही माणूस आहात," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

तिने त्याला नळाखाली धरलं आणि लेप सोडवला. आणि आता दुर्दैव कसं असतं बघा. गाल चांगला निघाला! म्हणजे लालबुंद होता, पण खाली एकदम स्वच्छ, तुकतुकीत. गाल अगदीच सोलून निघाला असता तर बिचारा तिथेच थांबला असता. पण आता अर्धं तोंड नवं आणि अर्धं जुनं. संध्याकाळी लेक आली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही एका बाजूने दादा दिसताय आणि एका बाजूने आजोबा. झालं. आता उजवा गाल करणं भागच होतं.

उजवा केला तर तो जास्त उजळला. कदाचित लेप घट्ट झाला असेल, कदाचित हात जोरात पडला असेल. रंगाऱ्यांच्या धंद्यात याहून वाईट काही नसतं. एकाच भिंतीचे दोन भाग वेगवेगळे दिसायला लागले की गिऱ्हाईक आधी तिथेच बोट ठेवतं. तेव्हा डाव्याला आणखी एक हात. मग डावा पुढे गेला. मग उजव्याला एक हात. बायको आडवी आली, शपथा घालून झाल्या, वज्री लपवून झाली. हा पार्लरमध्ये चादरीमागे जाऊन लेप लावू लागला. कामावरची माणसं एकमेकांना खुणा करू लागली. एका घरमालकाने तर विचारलं की ऊन एकाच बाजूने लागतं का तुम्हाला.

सणाच्या आदल्या दिवशी दोन्ही गाल टोमॅटोसारखे झाले होते, आणि त्यातही डावा जरा जास्त पिकलेला. शेवटी नाक मुठीत धरून तो चादर बाजूला सारून पार्लरवाल्या बाईंपुढे उभा राहिला. बाईंनी दिव्याखाली चेहरा धरून पाहिला आणि काय केलं ते विचारलं. याने सगळं सांगितलं. पॉलिश पेपरचं ऐकल्यावर बाई खुर्चीत बसल्या.

"काका, आता तोंडाला पाणीसुद्धा मला विचारून लावायचं," त्या म्हणाल्या.

तरी बाई मनाने चांगल्या. त्यांनी त्याला एक साधं गार मलम दिलं, आणि उद्या अगदीच नाइलाज झाला तर म्हणून आणखी दोन छोट्या डब्या दिल्या. एकात हिरवट क्रीम. लाली दाबायला ते नखभर, फक्त नखभर, लावायचं, असं त्यांनी तीनदा बजावलं. दुसरीत कातडीच्या रंगाचं क्रीम, ते त्याच्यावरून. रंगारी मान डोलावत राहिला. पण नखभर हे माप त्याच्या धंद्यात कुठेच बसत नाही. त्याच्या धंद्यात कमी लावलं की खालचा रंग वर येतो.

सणाच्या सकाळी घरात एकच धांदल. लेकीने कपड्यांना इस्त्री केली, बायको डबे भरत होती. रंगारी मोरीत दार लावून बसला. मोरीत एक म्हातारा पिवळा बल्ब होता. त्या उजेडात त्याने डाव्या गालाला, तो जास्त लाल म्हणून, हिरव्याचे दोन हात दिले आणि वरून कातडीच्या रंगाचं एक बोट पुसटसं फिरवलं. उजव्याला हिरवा पुरला नाही, म्हणून तिथे नुसता कातडीचा रंग, तोही दोन हात. आरशात बघितलं तर दोन्ही बाजू अगदी जुळलेल्या. जीव भांड्यात पडला. आता, रंग कधीही बल्बच्या उजेडात पास करायचा नाही, दिवसाच्या उजेडात बाहेर नेऊन बघायचा, हे हा माणूस आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगत आला होता. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण राग येतो हो कधीकधी.

घाईत त्याच्याकडे कोणी नीट बघितलंच नाही. बायको डबे सांभाळत पुढे, हा मागे. सासूबाईंच्या घरी पोचले तर सगळे जमलेले. दारातच साडू भेटला. त्याने 'या या' म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. थोरल्या मेव्हणीने बायकोच्या दंडाला चिमटा काढला. बायकोने वळून नवऱ्याकडे बघितलं. दिवसाच्या लख्ख उजेडात तिच्या नवऱ्याचा डावा गाल हिरवा होता आणि उजवा गुलाबी. ती तोंड धुवायला त्याला मोरीकडे ढकलणार, तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला की सगळे आले असतील तर आत या, मी किती वेळ आंधळी बसू?

सगळे आत गेले. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, नवी साडी, नाकावर काळा चष्मा. रंगाऱ्याने मान वर केली आणि त्याची नजर सासूबाईंच्या समोरच्या भिंतीवर गेली.

अर्धी हिरवी, अर्धी गुलाबी. मधे एक वाकडी रेघ, जिथे त्या वर्षी डबा संपला होता. इतके दिवस तो तोंड घासत बसला, आणि या भिंतीची आठवण त्याला एकदाही झाली नाही. चेहरा काय, चेहरा देवाने दिलेला आहे, वाईट असला तरी त्यात कोणाला फसवलेलं नाही. ही भिंत त्याने स्वतःच्या हाताने केली होती. त्याने साडूकडे बघितलं, साडूलाही तेच आठवलं होतं. बायकोलाही.

"काढू का?" सासूबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चष्मा काढला.

रंगाऱ्याला सुचलं ते त्याने केलं. झटकन जाऊन तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात पसरून, नेमका त्या वाकड्या रेघेवर. एवढी मोठी भिंत एका माणसाच्या पाठीमागे लपेल असं त्याला का वाटलं, ते त्यालाच ठाऊक. एकीकडे हिरवी भिंत आणि हिरवा गाल, दुसरीकडे गुलाबी भिंत आणि गुलाबी गाल.

सासूबाईंनी आधी जवळच्यांना पाहिलं. थोरलीला म्हणाल्या, किती वाळलीस गं. नातीचा गाल धरला आणि डोळ्यांत पाणी आणलं. जावईबापूंना म्हणाल्या की केस काळे केलेत तसे कानातलेही करायचे. साडूचा हात कानाकडे गेला. मग त्यांची नजर समोर आली आणि थांबली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"माझी निळी खोली कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

बायकोने पुढे होऊन काहीतरी सारवासारव सुरू केली, प्रकाशाचं, नव्या डोळ्यांचं. रंगाऱ्याला ते ऐकवेना. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तोंडाला काय झालंय याची नव्हे. त्याने पसरलेले हात खाली घेतले.

"आई, निळी नव्हतीच कधी," तो म्हणाला. "उरलेला रंग लावला. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून लावला. नंतर करीन म्हणालो आणि केलंच नाही."

सासूबाई उठल्या. त्या चालत भिंतीपर्यंत आल्या आणि तेव्हासारखाच भिंतीवरून तळवा फिरवला. मग तोच तळवा त्यांनी त्याच्या गालावरून फिरवला. तळव्याला हिरवं लागलं. त्यांनी ते निरखून बघितलं.

"आणि हे तोंडाला काय केलंस?"

"तुम्ही बघणार होतात म्हणून..." तो म्हणाला.

"म्हणजे मला दिसत नव्हतं तेव्हा भिंत अशी केलीस, आणि दिसायला लागलं तेव्हा तोंड असं केलंस."

रंगाऱ्याने मान खाली घातली. यात एक अक्षर इकडचं तिकडे करण्यासारखं नव्हतं. पाचावर धारण बसलेली बायको मागे उभी होती. सासूबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे, पुन्हा भिंतीकडे. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं रडताहेत. लेक त्यांना धरायला धावली तर तिच्या लक्षात आलं की आजी हसतेय. हसता हसता त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि हिरव्या तळव्यानेच डोळे पुसायला निघाल्या, तेव्हा तीन जण एकदम ओरडले की डोळ्यांना हात लावू नका. मग सगळेच हसले. साडू सगळ्यात मोठ्याने हसला, कारण त्याच्या कानाचा विषय मागे पडला होता.

हसणं ओसरल्यावर सासूबाईंनी त्याला जवळ बोलावलं, खाली वाकायला सांगितलं आणि पदराचा कोरा भाग घेऊन त्याचं तोंड पुसलं. आधी डावं, मग उजवं. आईने लहान पोराचं पुसावं तसं जोरात पुसलं, सोललेल्या गालाला झणझणलं, पण त्याने तोंड मागे घेतलं नाही. रंग उतरला, खालून लाल कातडी निघाली, आणि भुवईत तो जुना पांढरा ठिपका तसाच होता. सासूबाईंनी मान मागे घेऊन ते तोंड नीट पाहिलं. टाकीकडे नाही, त्याच्याकडे.

"डोळे बरे आहेत," त्या धाकट्या मुलीला म्हणाल्या, आणि कोणाचे डोळे ते काही सांगितलं नाही.

मग त्या नेहमीच्या आवाजात घरावर ओरडल्या.

"चला, बघत काय बसलात, जावयाला जेवायला वाढा. आणि त्या रंगाऱ्याला माझा निरोप द्या, म्हणावं उद्या सकाळी निळा रंग घेऊन यायचं. नवा डबा, उरलेला नाही."

रंगारी अजून तसाच वाकलेला होता. त्याचे डोळे भरले होते, म्हणून तो लगेच सरळ झाला नाही.

"सांगतो त्याला," तो म्हणाला, आणि साडूच्या शेजारी जेवायला जाऊन बसला.